एकतीस फूट चार इंच

माझी आत्या नदीच्या पाण्याची उंची मोजायची. रोज सकाळी आठ वाजता, सणवार-आजारपण काही न बघता, पस्तीस वर्षं. गावात तिला सगळे पट्टीबाई म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, आत्या कुठल्याशा कडक शाळेत शिकवते आणि पोरांना पट्टीनं झोडपते, म्हणून हे नाव पडलं असणार. मग एकदा तिनं मला कामावर नेलं. तिथं एका दगडी इमारतीच्या भिंतीला लागून पाण्यात उभी असलेली उंचच उंच पट्टी मी पाहिली, पांढरी, काळ्या आकड्यांची. आत्यानं डोळे बारीक करून आकडा वाचला, वहीत लिहिला आणि म्हणाली, "झालं. आता उद्या."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण रोज."

ती दगडी इमारत म्हणजे जुनं जकातघर. आमच्या जिल्ह्याच्या कडेनं नदी वाहते आणि नदीच्या मधोमध सीमा आहे. माझ्या आजोबांच्या लहानपणी ही सीमा नव्हती. दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते, मधे माणसांची ने-आण करणारी होड्यांची तर चालायची, आणि तरीच्या दोन टोकांना एकाच गवंड्यानं बांधलेली दोन जकातघरं होती. एकाच नकाशाची, एकाच खाणीच्या दगडाची. जुळ्या बहिणीच म्हणा. मग सीमा आखली गेली, होड्या बंद झाल्या, आणि एक बहीण परदेशात गेली.

मी इथल्याच शाळेत इतिहास शिकवते. पाठ्यपुस्तकात आमच्या जिल्ह्याला अर्धं पान मिळालंय, त्यातही एक चित्र आहे. पण जकातघराच्या नदीकडच्या भिंतीवर आमचा खरा इतिहास कोरलेला होता. प्रत्येक मोठ्या पुराची एक आडवी रेघ आणि तिच्याखाली साल. अशा पाच खुणा. सगळ्यात वरची खूण सगळ्यात जुनी, दीडशे वर्षांपूर्वीची. ती इतकी उंच होती की वरच्या मजल्याच्या खिडकीतून वाकलं की हाताला लागायची. तिच्या खालची खूण तिच्यापेक्षा चांगली चार फूट खाली होती.

पाणी मोजायचं काम आधी आजोबांकडे होतं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा आत्या चोवीस वर्षांची होती. सुरुवातीला ती नुसती आकडा वाचून सांगायची आणि आजोबा लिहायचे. मग तीच लिहू लागली आणि आजोबा सही करायचे. आजोबा गेले तेव्हा खात्याला कळलं की दोन वर्षं आकडे त्यांच्या मुलीनंच वाचलेत. चौकशीला आलेल्या कारकुनानं जुन्या वह्या उलटसुलट करून पाहिल्या. चूक सापडेना. "बाईमाणसाला असं काम देता येतं का, ते विचारावं लागेल," तो म्हणाला. "तोवर तात्पुरतं तुम्हीच बघा." विचारायचं बहुधा राहूनच गेलं. आत्या शेवटपर्यंत तात्पुरतीच होती.

पलीकडच्या जकातघरातही एक माणूस रोज सकाळी आठ वाजता पाणी मोजायचा. दोन्ही काठांवर एकाच वेळी मोजणी व्हावी म्हणून निशाण दाखवायचं, असा सीमेच्या आधीचा एक नियम होता. तो रद्द करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळे आत्या पांढरं निशाण वर करायची, पलीकडून पिवळं निशाण वर व्हायचं, आणि दोघं आपापल्या पट्टीकडे वळायची. त्या माणसाच्या डोक्यावर कायम लाल टोपी असायची. आत्या त्याला लाल टोपी म्हणायची. नाव माहीत नव्हतं, चेहरा दिसत नव्हता, पण "आज लाल टोपीला सर्दी झालेली दिसतेय, निशाण ढिलं होतं" असं ती ठामपणे सांगायची.

पुराच्या दिवसांत दोघं एकमेकांना आकडेही दाखवायची. त्यासाठी खिडकीत मोठा काळा फळा टांगलेला असायचा. खडूनं आकडा लिहायचा, समोरच्यानं तो दुर्बिणीतून वाचायचा. सीमेच्या चौकीवरच्या हवालदारानं फक्त एक अट घातली होती. "बाई, आकडे लिहा, हरकत नाही. अक्षर एक जरी लिहिलंत तर मला वर कळवावं लागेल."

आत्याच्या नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी गावाला पुरापासून वाचवायला काठानं भिंत बांधायचं ठरलं. त्यासाठी एक अभियंता आले. मध्यम वयाचे, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. आत्या त्यांना साहेब म्हणायची. त्यांनी आत्याच्या आणि आजोबांच्या वह्या मागून घेतल्या, आठ दिवस वाचल्या आणि परत करताना म्हणाले, "बाई, इतकी स्वच्छ नोंद मी कुठे पाहिली नाही." आत्या घरी येऊन हे वाक्य तीनदा बोलली.

पण नकाशा लागला तेव्हा तिचा चेहरा उतरला. भिंतीची उंची रस्त्यापासून सहा फूट धरली होती. म्हणजे जकातघरावरच्या दुसऱ्या खुणेपेक्षा दोन फूट वर, आणि सगळ्यात वरच्या खुणेपेक्षा दोन फूट खाली.

ती तडक साहेबांच्या कचेरीत गेली. मी सोबत होते.

"साहेब, वरची खूण विसरलात."

"विसरलो नाही. सोडली," ते म्हणाले. त्यांनी एक जुना कागद पुढे सरकवला. "ऐंशी वर्षांपूर्वी तुमच्या इमारतीची डागडुजी झाली. नदीकडच्या भिंतीचा वरचा भाग उतरवून पुन्हा रचला. गवंड्यांनी तो दगड नेमका जुन्या जागी बसवला की हाताला आला तिथं बसवला, कोण सांगणार? बाकीच्या चार खुणा एकमेकींजवळ आहेत. ही एकटीच चार फूट वर. मला ती हललेली वाटते."

"आणि हलली नसेल तर?"

"तर मला पुरावा द्या. हललेल्या दगडाच्या भरवशावर मी भिंत चार फूट उंच करू शकत नाही. लोक मला विचारतील."

साहेबांचं बोलणं उद्धट नव्हतं, आणि त्याचाच आत्याला जास्त त्रास झाला. उद्धट माणसाशी भांडता येतं. घरी जेवताना मधेच हात थांबवून म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मीही हेच विचारलं असतं."

पुढचे चार-पाच दिवस ती कुठंतरी हरवल्यासारखी वागत होती. चहात दोनदा साखर घातली, चपला उलट्या घातल्या. आणि एका सकाळी आकडा वाचून झाल्यावर पलीकडे बघत उभी असताना तिनं माझा दंड असा आवळला की मी ओरडले.

"अगं, ते उतरवलेलंच नाही!"

"काय?"

"पलीकडचं! डागडुजी आपल्या बाजूची झाली. सीमा तेव्हा नुकतीच आखली होती. त्यांच्या इमारतीला कुणी हात लावला नाही, म्हणून तर तिच्यावर एवढं रान माजलंय. तिथली वरची खूण जर आपल्या खुणेच्या पातळीत असेल, तर आपला दगड जागचा हललेला नाही!"

"पण दोन्ही खुणा एका पातळीत आहेत हे नदीच्या दोन काठांवरून ठरवायचं कसं? आपल्याला पलीकडे जाऊ कोण देणार?"

आत्यानं खाली बोट दाखवलं. "गवंडी भिंत सरळ आहे का ते कशानं बघतो? पाणसळीनं. तिच्यात काय असतं? पाणी. ही बघ, केवढी मोठी पाणसळ पसरलीय. इथं नदी सरळ वाहते. वारा पडलेला असताना, पाणी उतरलेलं असताना, इथलं पाणी आणि तिथलं पाणी एका पातळीत. मी माझ्या खुणेपासून पाण्यापर्यंत मोजते, त्यानं त्याच्या खुणेपासून मोजावं. आकडा एक आला की झालं!"

आता प्रश्न होता, हे लाल टोपीला सांगायचं कसं. अक्षर लिहायची बंदी. आत्यानं फळ्यावर फक्त वरच्या खुणेचं साल लिहिलं. चार आकडे. हवालदार येऊन पाहून गेला, डोकं खाजवलं, पण आकडे ते आकडेच. मी दुर्बीण लावून बसले. लाल टोपी बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या फळ्यावर तेच चार आकडे उमटले. एवढंच.

"त्याला वाटलं, आपण नमस्कार घालतोय," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच साल लिहिलं आणि मग खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली. मी तिला मागून धरलं होतं, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून. तिनं मोजायची फीत खुणेवर टेकवली आणि टोकाला वजन बांधून ती हळूहळू पाण्यापर्यंत सोडली. असं तीन वेळा केलं, नाटकातल्यासारखं सावकाश. मग फळ्यावर सालाखाली आकडा लिहिला, एकतीस, आणि त्याच्या शेजारी चार.

पलीकडे लाल टोपी हलेना. मग तो एकदम आत पळाला.

"समजलं त्याला," आत्या म्हणाली.

समजलं होतं, पण त्याच्या भिंतीवर खूणच दिसत नव्हती. वेलींनी सगळी भिंत गिळली होती. त्या दिवसापासून लाल टोपी खिडकीतून दोर बांधून लोंबकळायचा आणि कोयत्यानं खालून वर वेली तोडत यायचा. साठीच्या आसपासचा माणूस असावा, कारण मधेमधे बराच वेळ नुसता लटकून दम खायचा. आमच्या काठावर बघ्यांची गर्दी जमू लागली. काहींना वाटलं, पलीकडे काहीतरी कट शिजतोय. आत्या रोज सकाळी आकडा वाचून झाला की तासभर तिथंच उभी राहायची. "जपून हो, जपून," असं पुटपुटायची, जणू त्याला ऐकू जाणार होतं. आणि रोज पाण्याच्या चढउताराप्रमाणे फळ्यावरचा आपला आकडा ताजा करायची.

आठ दिवस वेली पडत राहिल्या. तिसरी खूण दिसली, दुसरी दिसली. वरची दिसेना. आठव्या दिवशी आत्या घरी आली ती थेट पलंगावर जाऊन पडली. "नसेलच तिथं," ती म्हणाली. "आणि मी त्या बिचाऱ्याला भिंतीवर टांगून ठेवलंय."

नवव्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पाणी आरशासारखं पडलं होतं आणि योगायोगानं पातळीही पहिल्या दिवसाइतकीच होती. निशाणं झाली, मोजणी झाली. मी दुर्बीण डोळ्याला लावली. खिडकीच्या खाली, वेलींचा शेवटचा झुबका निघालेल्या जागी, ओल्या दगडावर एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली साल. लाल टोपीनं फीत सोडली. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो फळ्यापाशी गेला.

"बोल की!" आत्या ओरडली.

"एकतीस," मी म्हणाले. "थांब, तो पुढचा आकडा लिहितोय... चार. आत्या, चार! एकतीस फूट चार इंच!"

पंचावन्न वर्षांच्या माझ्या आत्यानं त्या दगडी ओट्यावर अक्षरशः उड्या मारल्या. हवालदार धावत आला. "काय झालं, बाई?" आत्यानं त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "हलला नाही! दगड हलला नाही!" त्याला काही कळलं नाही, तरी तोही हसू लागला.

साहेब त्याच दुपारी आले. स्वतः खिडकीतून वाकले, स्वतः फीत सोडली, मग दुर्बिणीतून पलीकडचा फळा वाचला. पुन्हा फीत सोडली. मग खिडकीच्या कट्ट्यावर बसून रुमालानं मान पुसत राहिले.

"नदीचीच पाणसळ केलीत," ते म्हणाले. "मला सुचायला हवं होतं हे."

"तुम्ही पुरावा मागितलात म्हणून सुचलं," आत्या म्हणाली.

साहेबांनी नकाशा बदलला. सहाची दहा फूट भिंत. मग गावात जो गदारोळ उठला तो विचारू नका. काठावरच्या दुकानदारांनी सभा बोलावली. कापडवाले शेठ उठून म्हणाले, "नदी दिसावी म्हणून आम्ही काठाला दुकानं घेतली. आता गिऱ्हाइकाला काय, भिंत दाखवायची?"

साहेब उत्तर द्यायला उभे राहिले तेवढ्यात आत्या मागच्या रांगेतून उठली. आयुष्यात सभेत बोललेली नव्हती.

"शेठ, एक तर दुकानातून नदी दिसेल, नाहीतर नदीतून दुकान दिसेल. काय हवंय ते आत्ता सांगा, मी वहीत लिहून घेते."

सगळी सभा हसली. शेठही हसले, उशिरा आणि थोडेसेच. आत्या मग बसली नाही. तिनं पाचही पुरांची सालं पाठ म्हणून दाखवली, कुठल्या वर्षी पाणी कुठल्या गल्लीत शिरलं, कुणाचं घर गेलं, कुठली शाळा पडली. आजोबांनी जुन्या माणसांकडून ऐकून वहीच्या मागच्या पानांवर ते सगळं उतरवलं होतं. ती बोलत असताना पुढच्या रांगेतल्या एक आजी मधेच म्हणाल्या, "आमचं घर, ते आमचं घर." मग कुणी वाद घातला नाही. भिंत दहा फुटांची झाली. गावानं तिला पट्टीबाईची भिंत म्हणायला सुरुवात केली, निम्म्यांनी चिडवायला, निम्म्यांनी कौतुकानं.

त्याच सुमारास दुर्बिणीतून दिसू लागलं की पलीकडेही काठाचा बांध वाढतोय. दगडाची भिंत नव्हती त्यांची, मातीचाच भराव, पण रोज वर चढत होता. लाल टोपी आपले आकडे घेऊन त्याच्या साहेबाकडे गेला असणार.

चार वर्षांनी पूर आला.

वरच्या भागात आठवडाभर पाऊस कोसळत होता. नदी रोज दोन-तीन फूट चढत होती. आत्यानं अंथरूण जकातघराच्या वरच्या मजल्यावर नेलं. चौथ्या दिवशी सकाळी पाणी दुसऱ्या खुणेवरून गेलं. नऊ वाजता साहेबांच्या पहिल्या नकाशातल्या भिंतीएवढं झालं. दहा वाजता ते एक फूट आणखी वर होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला अख्खं गाव उभं होतं, आणि त्यांच्या डोक्यावरच्या उंचीवरून, दगडाच्या पलीकडून, नदी धावत होती. ते तसं पाहवत नाही. भिंतीला कान लावला तर आतून घुमल्यासारखा आवाज येत होता.

दर दहा मिनिटांनी साहेबांचा फोन यायचा. "बाई, किती?"

"चढतंय."

पलीकडे पावसाच्या पडद्याआड लाल ठिपका दिसत होता आणि त्याच्या फळ्यावरचा आकडा आमच्या आकड्याबरोबर हलत होता. अकरा वाजता पाणी वरच्या खुणेपासून सहा इंचांवर होतं. मग पाच. आत्यानं पट्टीवर नजर रोखली ती वळवलीच नाही. मी तिच्या हातातली पेन्सिल पाहत होते. ती टोकाला तुटली होती, तिला कळलं नव्हतं.

फोन वाजला. "बाई, किती?"

आत्यानं डोळे आणखी बारीक केले. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"बाई?"

"थांबलंय," आत्या म्हणाली. मग श्वास घेऊन, "साहेब, थांबलंय. पाव इंच उतरलं."

मी खिडकीतून रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "उतरलं!" तो शब्द भिंतीच्या कडेकडेनं माणसामाणसातून पुढे गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याची आरोळी झाली होती. कापडवाले शेठ भर पावसात रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्या नकाशातली भिंत असती तर तिच्यावरून एकोणीस इंच पाणी गावात गेलं असतं. गावात एकही उंबरा भिजला नाही. पलीकडेही बांध टिकला. लाल टोपीनं त्या दिवशी पिवळं निशाण इतक्या वेळा हलवलं की चौकीवरच्या हवालदारानं नियम बाजूला ठेवून आपली टोपी हलवून उत्तर दिलं.

पाणी ओसरल्यावर नवी खूण कोरायचं ठरलं. दोन्ही काठांवर, एकाच दिवशी. मोठे पाहुणे आले, फोटोवाले आले. पाहुण्यांच्या माणसांनी पाहिलं की खूण नदीकडच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली कोरायची आहे, आणि तिथं फोटो निघणार नाही. "रस्त्याकडच्या भिंतीवर घ्या ना," ते म्हणाले, "छातीएवढ्या उंचीवर. लोकांना दिसायला हवी."

"पाणी छातीपाशी थांबलं नव्हतं," आत्या म्हणाली. "खूण पाणी आलं तिथंच होईल. लोकांना दिसायला हवी असेल तर लोकांनी वर बघावं."

पाथरवट खिडकीतून टांगलेल्या फळीवर बसला. आत्या वाकून फीत धरून होती. जुन्या खुणेच्या बरोबर पाच इंच खाली रेघ ओढली गेली, आणि खाली साल. छिन्नीचे घाव पाण्यावरून पलीकडे जात होते आणि पलीकडचे घाव आमच्याकडे येत होते.

दुपारी दोन्हीकडच्या परवानगीनं एक होडी पलीकडे गेली. साहेब, मी आणि आत्या. तिच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच मधली रेषा ओलांडत होती. "नेमकी कुठे आहे ती?" तिनं नावाड्याला विचारलं. "गेली की मघाशी," नावाडी म्हणाला. "मला तर काही लागलं नाही," आत्या म्हणाली.

लाल टोपी पायऱ्यांवर उभा होता. दुर्बिणीतून वाटायचा त्यापेक्षा बुटका, पांढऱ्या मिश्यांचा. बोली आमचीच, फक्त शब्द थोडे ताणून बोलायचा. दोघं समोरासमोर उभी राहिली. इतकी वर्षं रोज सकाळी भेटणाऱ्या माणसांनी पहिल्यांदाच एकमेकांचे चेहरे पाहिले.

"ही टोपी मला मुळीच आवडत नाही," शेवटी तो म्हणाला. "पण तुम्हाला लांबून दिसावी म्हणून घालतो."

आत्या हसली आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही आठ दिवस त्या दोराला लटकलात," ती म्हणाली. "मी रोज बघत होते. पाय घसरला असता तर?"

"तर तुम्हाला कळलं असतं. बघत होतात ना." मग त्यानं हाताचा तळवा दाखवला. कोयत्याचा वण अजून होता. "ताई, आमच्या साहेबांनीही पुरावा मागितला. मी म्हटलं, पुरावा समोरच्या खिडकीत उभा आहे, दुर्बीण घ्या आणि बघा."

त्यानं तिला वर नेलं, आपली खूण दाखवली. आत्यानं पिशवीतून फीत काढली. तो म्हणाला, "अविश्वास?" ती म्हणाली, "सवय." दोघांनी मिळून मोजलं. आकडा तंतोतंत जुळला. त्यानं आपली वही पुढे केली, तिनं त्यात त्या दिवसाचा आकडा लिहून सही केली. पदाच्या जागी तिनं काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. "मोजणी करणारी," एवढंच.

परतताना आमच्या भिंतीवर माणसांची रांग उभी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं, म्हातारी माणसं, दुकानदार, माझे विद्यार्थी. होडी दिसताच ओरडा सुरू झाला, "पट्टीबाई! पट्टीबाई!" पाठीमागच्या काठावरूनही कुणीतरी साद घातली, आणि मग दोन्ही काठ एकच नाव ओरडू लागले. आत्या उठून उभी राहिली. होडी डचमळली.

"बाई, खाली बसा," नावाडी घाबरून म्हणाला. "पडाल."

"तू वल्हव," आत्या म्हणाली, आणि काठ लागेपर्यंत तशीच ताठ उभी राहिली.